थ्री-नॉट-थ्रीवरचं फूल

माझ्या दुकानात येणारा प्रत्येक दुसरा माणूस एकच वाक्य घेऊन यायचा. "मिस्त्री, ही बंदूक लई जुनी हाय." मी विचारायचो, कशावरून? तर म्हणायचा, आमचे आजोबा सांगायचे. मग आजोबांचा मान राखून मी चष्मा चढवायचो, बंदूक दिव्याखाली धरायचो, आणि पाच मिनिटांनी एक तर त्या माणसाचं तोंड फुलायचं, नाही तर तो पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढायचा नाही. न चढणारेच जास्त. त्याला माझा नाइलाज होता. माझी बायको म्हणते, "बंदुका दुरुस्त करता करता तुमचं तोंडच तोफ झालंय." तिचं काही चुकत नाही.

मी फौजेत आर्मरर होतो. म्हणजे बंदूक चालवणारा नव्हे, ती चालती ठेवणारा. जवानाची गोळी सुटली तर शाबासकी जवानाला, नाही सुटली तर शिव्या आर्मररला, असं ते खातं. पेन्शनीत आल्यावर कोल्हापुरात दुरुस्तीचा परवाना काढला आणि दुकान टाकलं. शेतकऱ्यांच्या ठासणीच्या बंदुका, राखणीच्या बारा बोअर, क्वचित कुणा जुन्या सरदार घराण्याची रायफल. गेल्या वर्षी गुडघ्यांनी राजीनामा दिला म्हणून मीही दिला. पण अजून लोक घरी येतात. हातात बंदूक नसते, मोबाईलमध्ये फोटो असतो. त्या फोटोवरून मी आता तोंड उघडत नाही. का उघडत नाही, तेच इथं सांगायचं आहे.

आधी धंद्यातली गोम सांगतो. फौजी रायफल म्हणजे चालतीबोलती जन्मपत्रिका. उजव्या अंगाला मुकुट, त्याखाली राजाच्या नावाची अक्षरं, कारखान्याचं नाव, साल. नळीवर तपासणीचे बारके शिक्के. ठिकठिकाणी तीन रेघांचा बाण, आमच्यातले जुने लोक त्याला कोंबडीचा पाय म्हणायचे. तो सरकारी मालाचा शिक्का. आणि सगळ्यात महत्त्वाचा, नंबर. हे सगळं ठोकून घातलेलं असतं. पोलादाचा ठसा ठेवायचा आणि वर हातोडा. ठोकलं की धातू कुठं जाईल? बाजूला सरकतो. अक्षराच्या कडेला बारीक वरंबा उठतो, ऊस लावताना सरीला उठतो तसाच. नखाला लागतो. कोरून काढलेल्या अक्षराला वरंबा नसतो, कारण तिथला धातू निघून गेलेला असतो. मशीननं घातलेल्या अक्षराचा तळ सपाट असतो. बास. एवढ्यावर निम्मे लबाड सापडतात. बाकीचे निम्मे त्यांच्या तोंडानंच सापडतात.

एकदा हायवेवरचा एक हॉटेलवाला आला. गळ्यात जाड साखळी, बोटात चार अंगठ्या, मागं बंदूक धरून ड्रायव्हर. हॉटेलात तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या काउंटरवर टांगायला शोभेची म्हणून कुठल्याशा बाजारातनं आणलेली. म्हणाला, "मिस्त्री, पेशवाईतली हाय. एक सर्टिफिकेट लिवून द्या, फ्रेम करून लावतो."

मी बघितलं. गोळी भरायचा बोल्ट वेल्डिंग करून बंद केलेला, आणि दस्त्यावर पितळेच्या पट्टीत चक्क इंग्रजीत 'मेड इन' लिहिलेलं. पुढचा शब्द घासून टाकलेला.

"पावणं," मी म्हटलं, "पेशवे 'मेड इन' लिवत व्हते व्हय?"

तो काही शरमला नाही. म्हणाला, "मग कुठल्या सालाची लिवता?"

"गेल्या दिवाळीच्या आधीची लिवतो. चालंल?"

रागानं गेला. पुढं ऐकलं की ती बंदूक टांगली, खाली पाटी लावली आणि लोक तिच्यासोबत फोटो काढून घेतात. काढू देत. त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. मात्र खऱ्याला खोटं म्हटलं की माणसाचं बिघडतं, आणि तेच माझ्या हातून झालं.

निवडणुकीचे दिवस होते. निवडणूक लागली की परवानाधारकांनी आपापली हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची असतात. गावोगावचे म्हातारे चादरीत, गोणपाटात गुंडाळून बंदुका घेऊन येतात, पावती घेतात, मतमोजणी झाली की परत नेतात. त्या ठाण्याला नवीन सब-इन्स्पेक्टर मॅडम आल्या होत्या. नाशिककडच्या, तरुण, कामाला पक्क्या. आधीचे साहेब बंदूक मोजून घ्यायचे. ह्या मॅडम प्रत्येक बंदुकीचा नंबर परवान्याशी ताडून बघत होत्या.

एक दिवस दुपारी त्यांचा फोन. कुणीतरी माझं नाव सांगितलं होतं. "काका, एक थ्री-नॉट-थ्री आलीये. तिच्या नंबराचा फोटो पाठवते. जरा बघता?"

थ्री-नॉट-थ्री म्हटल्यावर मी ताठ बसलो. ही फौजेची आणि पोलिसांची रायफल. साध्या माणसाला ह्या बोअरचा परवाना मिळत नाही. संस्थानाच्या काळापासून चालत आलेले थोडे परवाने आहेत, तेवढेच. त्यामुळं अशी रायफल कुणाच्या घरात दिसली की पहिला संशय हाच, की सरकारी कोठारातनं चोरलेली, आणि नंबर बदललेला.

फोटो आला. चार आकडे आणि आधी इंग्रजी के. के ८४१७. जवळनं काढलेला, आकड्यांनी सगळा पडदा भरलेला. ठोकलेला ठसा नव्हताच तो. बारीक बारीक टिंबांनी घातलेला. वरंबा नाही, खोली सारखी नाही, चारचं पोट वाकडं. आजूबाजूचं पोलाद गुळगुळीत, कुणीतरी घासून काढल्यासारखं.

मी जेवून उठलो होतो, हात वाळवत उभा होतो. फोनवर बोलूनच व्हॉइस मेसेज पाठवून दिला. "मॅडम, हा ठसा फॅक्टरीचा नाही. कुणीतरी नंतर हातानं घातलाय. बनावट आहे."

पहिली दोन वाक्यं खरी होती. तिसरं माझ्या घमेंडीचं होतं. बंदूक हातात धरल्याशिवाय तिच्याबद्दल बोलायचं नाही, हे मी माझ्या हाताखालच्या पोरांना फौजेत बजावत आलो. आणि स्वतः हात पुसायच्या आत बोलून मोकळा झालो.

दोन दिवसांनी दुकानात एक जोडपं आलं. जोतिबाच्या पायथ्याकडच्या गावचं. आप्पा पंच्याहत्तरीचे, धोतर, टोपी, हातात काठी. आक्का सत्तरीची, पदर खोचलेला, आवाज असा की शेजारच्या टायरवाल्यानंही मान वर केली. दूध डेअरीला घालणारं, चार एकर ऊस असलेलं, कुणाच्या अध्यात ना मध्यात असं घर.

आप्पांना नीट बोलता येईना. "मिस्त्री, माझ्यावर गुन्हा दाखल व्हायलाय. बंदुकीचा नंबर खोडला म्हणत्यात. सरकारी बंदूक चोरली म्हणत्यात. सोमवारपतोर खुलासा द्या, न्हायतर अटक करू, आसं मॅडम म्हणाल्या."

"नंबर काय आहे?" मी विचारलं. उगाचच विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं.

"के आठ चार एक सात."

मी स्टुलावर बसलो. त्यांनाही बसा म्हटलं, चहा सांगितला. आप्पा सांगायला लागले. त्यांचे आजोबा फौजेत होते, मोठ्या लढाईवरनं परत आले, संस्थानाच्या काळात ही रायफल त्यांना परवान्यासकट मिळाली. तेव्हापासून घरात आहे. एक गोळी कधी झाडली नाही. खंडेनवमीला पुजायची आणि परत पेटीत ठेवायची. "नंबर कुणी घातला मला ठाऊक न्हाय बगा. मला कळतंय तवापास्नं तो आसाच हाय."

"आणि ती एवढी गुळगुळीत कशानं झाली?"

आक्का पुढं सरसावली. "म्या घासलीया की! आरशावानी लखलखती ठेवलीया. नवमीला देवाम्होरं गंजकं हत्यार ठेवायचं व्हय?"

"कशानं घासता आक्का?"

"चिंच आणि राखाडी. अलीकडं भांडी घासायची पावडर मिळती की, ती."

"किती वर्षं?"

"मी नांदायला आल्यापास्नं. माझ्याआधी सासू घासायची, तिच्याआधी तिची सासू."

मी कपाळाला हात लावला. तीन पिढ्यांच्या बायकांनी मनगटाच्या जोरावर कारखान्याचे शिक्के साफ पुसून टाकले होते. मुकुट गेला, राजा गेला, साल गेलं, नंबर गेला. फक्त आमच्याकडंच होऊ शकतं हे. दुसरीकडं शस्त्र तेलात ठेवतात, आमच्याकडं त्याला तांब्या-पितळेसारखं घासून नवमीला चकचकीत करतात. घासलेलं शस्त्र म्हणजे घरंदाज बाईचं घर, असा मान. त्या मानापायी म्हातारा तुरुंगाच्या दारात उभा होता.

मी त्यांना म्हटलं, सोमवारी मी ठाण्यात येतो. बंदूक बघितल्याशिवाय काही बोलणार नाही. पण फोनवर बनावट म्हणणारा मीच, हे मात्र सांगितलं नाही. सरळ लिहितो, धाडस झालं नाही. आप्पांनी उठताना माझ्या हाताला हात लावला आणि म्हणाले, "मिस्त्री, या वयात हातकडी नगं बगा." त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं.

सोमवारी हत्यारांची पेटी घेऊन ठाण्यात गेलो. आप्पा-आक्का आधीच बाकावर बसलेले. आक्कानं पिशवीत भाकरी आणली होती. न जाणो, आत टाकलं तर नवऱ्याला खायला. ती पिशवी बघून मला माझीच लाज वाटली.

मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्हीच तर सांगितलंत बनावट आहे म्हणून. त्यावरच मी कागद तयार केलेत."

मी बाकाकडं बघितलं. आप्पांना ऐकायला कमी येतं, त्यांना कळलं नसावं. आक्का पिशवीचं तोंड बांधत होती. मी म्हटलं, "मॅडम, मी फोटो बघून बोललो. आता बंदूक बघून बोलतो. अर्धा तास द्या. रायफल लॅबला गेली की महिनोन्महिने जातील आणि तोवर हा माणूस आरोपी. अर्ध्या तासात मला काही सापडलं नाही तर माझं आधीचं बोलणं कायम."

त्यांनी घड्याळ बघितलं, दोन पंचांना बोलावलं आणि रायफल टेबलावर ठेवली.

हातात घेतली आणि पहिल्यांदा जे दिसलं ते फोटोत नव्हतं. नंबराच्या डाव्या बाजूला एक बारकं टिंबांचं फूल. पाच पाकळ्या. उजव्या बाजूला तसंच दुसरं. फोटो जवळनं काढल्यामुळं दोन्ही बाहेर राहिली होती.

मी मोठ्यानं हसलो. ठाण्यात असं कुणी हसत नाही, हवालदार दचकले.

"मॅडम, हे काम चोराचं नव्हे. नंबर बदलणारा माणूस फुलं काढत बसत नाही. हे भांड्यांवर नाव घालणाऱ्याचं काम आहे."

आपल्याकडं भांडी घेतली की दुकानदार बारीक छिन्नीनं टिंबाटिंबांनी नाव घालून देतो. अमुकतमुक यांजकडून सप्रेम भेट. आणि नाव संपलं की हाताच्या सवयीनं फूल. पितळेवर काढतो तसंच त्यानं पोलादावर काढलेलं.

आक्का बाकावरनं उठून टेबलाशी आली. कुणी अडवलं नाही, तिला अडवणं सोपंही नव्हतं. वाकून बघितलं आणि ओरडली, "आगं बया! आमच्या लग्नातल्या घागरीवर हेच फूल हाय. सासूबाई सांगायच्या की, सायबानं दरडावलं म्हणून मामंजींनी बंदुकीवर नाव घालून आणलंतं. मला वाटलं, म्हातारीची गोष्ट." आणि सुनेला फोन लावून घागरीचा फोटो काढायला सांगितला. दोन मिनिटांत फोटो आला. तेच फूल, त्याच पाच पाकळ्या, एक पाकळी जरा लांब.

सगळा प्रकार उलगडला. घासून घासून मूळ नंबर पुसट झाला. परवान्याच्या नूतनीकरणाला कुणी साहेबानं खडसावलं की नंबर दिसला नाही तर बंदूक जमा करू. सासरे भोळे. सरळ भांडीवाल्याकडं गेले, परवान्यावरचा नंबर दाखवला आणि म्हणाले, हा ठळक घाल. त्यांच्या लेखी भांड्यावरचं नाव आणि बंदुकीवरचा नंबर एकच.

मॅडम हसल्या. पण खुर्चीतनं हलल्या नाहीत. "काका, गोष्ट छान आहे. पण ह्यानं एवढंच सिद्ध झालं, की नंबर नंतर घातला. त्याच्या खाली आधी दुसराच नंबर नव्हता कशावरून?"

बरोबर बोलल्या. मला ती पोरगी तेव्हाच आवडली. दुसरा असता तर फुलावर खूश होऊन गेला असता.

आता ऐका. कारखाना नंबर एकाच जागी घालत नाही. बोल्टच्या मुठीवर, नळीच्या तोंडाच्या टोपणावर, लाकडाच्या खालच्या अंगाला, आणि नेम धरायची जी उभी करायची पट्टी असते तिच्या पोटात. बोल्टची मूठ आक्कानं सपाट केलेली. टोपण सपाट. लाकडाचं खालचं अंग हाताळून झिजलेलं. राहिली पट्टीच्या पोटाची जागा. पट्टी आडवी झोपलेली असते तोवर तो नंबर कुणाला दिसत नाही आणि कुणाच्या चिंचेला लागतही नाही.

पण पट्टी उठेना. इतक्या नवमींचं कुंकू, हळद, तेल आणि राखाडी फटीत जाऊन दगड झालेलं. जोर लावला आणि खीळ तुटली, तर पंचांच्या समोर मीच पुरावा मोडला असं झालं असतं. तीस वर्षांत शेकडो पट्ट्या उचलल्या, पण एका पट्टीवर एक माणूस टांगलेला कधी नव्हता.

दारातल्या चहावाल्याकडनं उकळतं पाणी मागवलं. फडकं बुडवायचं, पिळायचं, पट्टीवर शेकायचं, मग तेलाचा थेंब. परत शेक, परत थेंब. मॅडम घड्याळ बघत होत्या. आक्का पुटपुटत होती, जोतिबाचं नाव घेत असावी. आप्पा काठीवर हनुवटी टेकून डोळे मिटून बसलेले. अर्धा तास उलटून गेला, मॅडमनी पेन उचललं, आणि त्याच वेळी नखाखाली पट्टी कुरकुरली. मी श्वास रोखून ती सावकाश उभी केली.

पोटात नंबर होता. ठोकलेला, खणखणीत, कडेला वरंबा असलेला. आणि इतक्या वर्षांचं कुंकू नेमकं त्या आकड्यांत जाऊन बसलं होतं, त्यामुळं भिंग लागलंच नाही. चांगला तांबड्या शाईत लिहिल्यासारखा.

"मॅडम, वाचा. मी नाही वाचत. तुम्ही वाचा, आणि पंचांनाही वाचू दे."

त्यांनी वाकून वाचलं. "के... आठ... चार... एक... सात." मग परवाना उघडला, परत वाचलं. पंचांपैकी एकानं आपणहून टाळी वाजवली. आक्का मटकन खाली बसली आणि लगेच उठली.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "नंबर जुळला, मान्य. पण सरकारी रायफल घरात आली कशी?"

एव्हाना माझ्या अंगात वारं शिरलं होतं. मी म्हटलं, "आता तेही दाखवतो." सरकार जेव्हा हत्यार आपल्या कोठारातनं रीतसर बाहेर काढतं, तेव्हा त्यावर दोन कोंबडीचे पाय टोकाला टोक लावून ठोकतं. एक बाण सरकारचा. दोन बाण समोरासमोर म्हणजे सरकारनं हात सोडला. हा शिक्का लाकडावरही असतो. दस्त्याच्या उजव्या अंगाला, नेमकी जिथं हळदकुंकवाची बोटं ओढायची जागा, तिथं रुपयाएवढं जाड पुट होतं. रॉकेल, कापूस आणि दात घासायचा जुना ब्रश. आक्का म्हणाली, "देवाचं कुंकू हाय ते, पायात पाडू नगासा." मी तिच्यासाठी खाली वर्तमानपत्र पसरलं. आधी पिवळं पाणी आलं, मग तांबडं, मग काळं, आणि त्या काळ्यातनं हळूहळू दोन बाण उगवले. टोकाला टोक.

मॅडमनी स्वतः बोट फिरवून बघितलं. मग त्यांनी तयार केलेले कागद उचलले, बाजूला सारले आणि म्हणाल्या, "काका, लिहून द्या."

मी लिहिलं. आयुष्यात एवढ्या आनंदानं मी कधी काही लिहिलं नसेल. रायफल अस्सल, नंबर मूळचाच, वरचा नंबर त्याचीच नक्कल आणि हेतू निर्मळ, रायफल रीतसर सरकारी मालकीतून मुक्त. शेवटी एक ओळ कुणी न सांगता घातली: यापूर्वी फोटोवरून मी दिलेलं मत घाईचं आणि चुकीचं होतं. खाली सही ठोकली. फौजेत असतो तर ह्या कागदाला सलाम केला असता. मॅडमनी वाचला, शेवटच्या ओळीवर थांबल्या आणि म्हणाल्या, "ही ओळ नसती तरी चाललं असतं."

"मला चाललं नसतं," मी म्हटलं.

मतमोजणी होईपर्यंत रायफल ठाण्यातच राहणार होती. पण आता मुद्देमाल म्हणून नव्हे, ठेव म्हणून. आप्पांना नवीन पावती मिळाली. ती त्यांनी तीनदा घडी घातली आणि टोपीच्या आत ठेवली.

बाहेर व्हरांड्यात आलो. आक्काला बजावलं, "आता चिंच नाही, राखाडी नाही, पावडर तर मुळीच नाही. तेलाचं फडकं फिरवायचं आणि कुंकवाचं एक बोट. एकच."

"आणि मग ती काळी दिसली तर?"

"काळीच पाहिजे आक्का! बंदूक आहे ती, समई नव्हे."

तिला पटलं नाही, पण मान हलवली. मग तिनं पिशवी सोडली आणि आत टाकलं तर म्हणून आणलेल्या त्या भाकऱ्या, ठेचा आणि कांदा व्हरांड्यातल्या कट्ट्यावर मांडला. तिघंही जेवायला बसलो. शप्पथ सांगतो, इतकी गोड भाकरी मी खाल्ली नाही. पण दुसरा घास मोडता मोडता मी थांबलो. म्हटलं आता नाही सांगितलं तर मग कधीच नाही.

"आक्का, एक सांगायचं आहे. मॅडमना फोनवर बनावट म्हणून सांगणारा माणूस मीच. तुमच्यावर हे सगळं माझ्यामुळं आलं. तुम्ही दुकानात आलात तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. माझी जीभ उचलली नाही."

आप्पांनी कानामागं हात धरला. "काय म्हणत्यात?"

आक्का ठेचा वाढत होती, ती थांबली नाही. "ठाऊक हाय की मला. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलंतं, अमक्या दुकानातल्या मिस्त्रींनी बनावट म्हणून सांगितलंय म्हणून."

माझा घास हातातच राहिला. "आणि तरी तुम्ही माझ्याकडंच आलात? शहरात दुसरे मिस्त्री आहेत की."

"ह्यास्नी बी त्येच वाटत व्हतं. दुसऱ्याकडं जाऊ म्हणत व्हते." तिनं माझ्या भाकरीवर कांदा ठेवला. "म्या म्हटलं, दुसऱ्यानं खरं म्हटलं तर मॅडम ऐकणार हायत व्हय? ज्या तोंडानं खोटं म्हटलंय, त्याच तोंडानं खरं म्हणाय पायजे. म्हणून आलो तुमच्याकडं. खावा आता, भाकरी वाळायलीया."